चेंडू वेचणाऱ्या पोराची कारकीर्द

३० जुलै २०२० रोजी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमनजीकच्या फॉरेस्ट ऑफ आर्डेन या मैदानावर गोल्फची एक स्पर्धा सुरू झाली. करोनाच्या साथीमुळे प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. त्या ओस मैदानावर ५६ वर्षांच्या एका स्पॅनिश खेळाडूने पहिला फटका मारला आणि युरोपातील व्यावसायिक गोल्फमालिकेत सर्वाधिक स्पर्धा खेळलेला खेळाडू म्हणून त्याची नोंद झाली. त्याची ही ७०७वी स्पर्धा. आधीचा ७०६ स्पर्धांचा उच्चांक स्कॉटलंडच्या सॅम टॉरन्सच्या नावावर होता. स्पर्धेला नाव एका भारतीय मोटारसायकल कंपनीचे, खेळाडू आंदालुसियातल्या एका खेड्याचा, आणि टाळ्या वाजवायला कोणी नाही. मिगेल आंखेल हिमेनेझच्या साऱ्या कारकिर्दीचीच ही तऱ्हा आहे. तिच्यातले मोठे क्षण बहुधा जगाचे लक्ष दुसरीकडे असताना आले.

वृत्तपत्रांना हिमेनेझ आवडतो. परंतु त्यांना आवडतो तो त्याचा चिरूट, मानेवर बांधलेली तांबूस केसांची शेपटी, रियोहा प्रांताची लाल वाइन, खेळण्यापूर्वी कंबर हलवीत केलेले ते विनोदी व्यायाम, आणि मोटारींच्या वेडापायी मिळालेले ‘मेकॅनिक’ हे टोपणनाव. एवढ्या सामग्रीवर क्रीडापत्रकारांनी दोन दशके मजकूर भरला. एखाद्या माणसाला एकदा वल्ली ठरवले की त्याच्या श्रमाविषयी कोणी प्रश्न विचारीत नाही. तो कोठून आला, कोणत्या दाराने आला आणि ते दार आज उघडे आहे की बंद, हे प्रश्न त्या चिरुटाच्या धुरात दिसेनासे होतात.

श्रमिकांच्या चळवळीनेही या प्रश्नांकडे फारसे लक्ष दिलेले नाही, हे मान्य केले पाहिजे. गोल्फ हा धनिकांचा विलास, शेकडो एकर जमीन आणि लाखो लिटर पाणी मूठभरांच्या करमणुकीसाठी अडवून ठेवणारा, असा निवाडा देऊन आपण मोकळे होतो. निवाडा चुकीचा नाही. तो अपुरा आहे. ज्या हिरवळीवर धनिक खेळतो ती कोणीतरी कापलेली असते, त्याची काठ्यांची पिशवी कोणाच्या तरी खांद्यावर असते, आणि झुडपात हरवलेला त्याचा चेंडू कोणीतरी शोधून आणलेला असतो. स्पेनचे विशेष हे की त्या देशाच्या गोल्फचा इतिहास दीर्घकाळ पिशव्या वाहणाऱ्यांनीच घडवला.

स्पेनमध्ये हा खेळ आणला ब्रिटिशांनी. १८९१ साली कॅनरी बेटांवर लास पाल्मास येथे त्यांनी क्लब स्थापन केला. मुख्य भूमीवर आंदालुसियातील रिओ टिंटोच्या तांब्याच्या खाणी १८७३ साली ब्रिटिश कंपनीच्या हाती गेल्या होत्या आणि साहेबांच्या वसाहतीबरोबर साहेबांचे खेळही तेथे आले. याच खाणींत ४ फेब्रुवारी १८८८ रोजी विषारी धुराविरुद्ध आणि मजुरीसाठी एकत्र आलेल्या खाणकामगारांवर व शेतकऱ्यांवर लष्कराने गोळ्या झाडल्या. त्या भागात ते वर्ष ‘गोळ्यांचे वर्ष’ म्हणूनच ओळखले जाते. पुढच्याच वर्षी, १८८९ मध्ये, जवळच्या वेल्वा शहरात स्पेनमधला सर्वांत जुना मानला जाणारा फुटबॉल क्लब निघाला. फुटबॉल साहेबाच्या कुंपणातून निसटला आणि एका पिढीत कामगारवस्तीचा झाला; त्याला एक चेंडू आणि मोकळी जागा पुरते. गोल्फ मात्र कुंपणाच्या आतच राहिला. त्याला जमीन लागते, आणि आंदालुसियात जमीन कोणाकडे होती हे सांगायला नको. मैलोगणती पसरलेल्या जमीनदाऱ्या आणि पहाटे गावच्या चौकात कामाची वाट पाहत उभे राहणारे रोजंदार शेतमजूर, ही त्या प्रांताची शतकानुशतकांची रचना होती.

मालागाजवळचे चुर्रियाना हे हिमेनेझचे गाव. इंग्रज लेखक जेराल्ड ब्रेनन याच गावात राहत होता. १९४३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द स्पॅनिश लॅबिरिन्थ’ या ग्रंथात स्पेनच्या यादवी युद्धाची मुळे त्याने ज्या प्रश्नांत शोधली, त्यांत आंदालुसियातील जमिनीचा प्रश्न अग्रभागी होता. गावापासून समुद्राच्या बाजूला, मालागा व टोरेमोलिनोस यांच्या दरम्यान, १९२५ पासून एक गोल्फ मैदान होतेच. १९३७ च्या फेब्रुवारीत मालागा फ्रँकोच्या व मुसोलिनीच्या सैन्याच्या हाती पडले, हजारो लोक अल्मेरियाच्या रस्त्याने पायी पळाले, आणि वाटेत त्यांच्यावर समुद्रातून व आकाशातून मारा झाला. त्यानंतरची दोन दशके उपासमारीची गेली. १९५९ च्या आर्थिक फेररचनेनंतर फ्रँकोच्या राजवटीला परकीय चलनाची निकड भासली आणि किनारा पर्यटकांना विकायला काढण्यात आला. शेतमजुराचा मुलगा जर्मनीच्या कारखान्यात गेला नाही, तर हॉटेलात भांडी घासू लागला. किंवा गोल्फच्या मैदानावर चेंडू वेचू लागला.

५ जानेवारी १९६४ रोजी जन्मलेला हिमेनेझ या पिढीचा. घरात सात भाऊ. थोरला भाऊ तोर्रेकेब्रादा येथील मैदानावर कामाला होता, आणि १९७९ साली तेथे स्पॅनिश ओपन ही राष्ट्रीय स्पर्धा भरली तेव्हा पंधरा वर्षांच्या मिगेल आंखेलने ती पाहिली. शाळा सुटली. सरावाच्या मैदानावर पाहुण्यांनी मारलेले चेंडू गोळा करायचे, पिशव्या वाहायच्या, आणि गिऱ्हाइके गेल्यावर उरलेल्या उजेडात आपण फटके मारायचे, असा त्याचा दिनक्रम झाला.

हा दिनक्रम त्याच्या एकट्याचा नव्हता. स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावर पेद्रेन्या या कोळी-शेतकऱ्यांच्या गावात सेवे बायेस्तेरोस नावाचा मुलगा एक दशक आधी हेच करीत होता. क्लबच्या मैदानावर कॅडी पोरांना खेळण्याची मनाई होती. सेवेला मिळाली होती तीन नंबरची एकच जुनी काठी; तिच्यावर तो समुद्राच्या वाळूत शिकला, आणि मैदानावर शिरला तो अंधार पडल्यावर, चोरून. पुढे वाळूतून, झुडपांतून, वाहनतळातून त्याने मारलेल्या ज्या फटक्यांना जगाने प्रतिभा म्हटले, त्या प्रतिभेचे एक कारण असे की चांगल्या हिरवळीवर उभे राहण्याची त्याला लहानपणी परवानगीच नव्हती. माद्रिदच्या क्लबांत मानुएल पिन्येरो आणि होसे मारिया कान्यिसारेस कॅडी म्हणूनच वाढले. सान सेबास्तियानच्या क्लबची हिरवळ राखणाऱ्या माळ्याचा मुलगा होसे मारिया ओलाझाबाल १९९४ व १९९९ साली अमेरिकेतील मास्टर्स स्पर्धा जिंकला. त्याच्या आजोबांनीही तीच हिरवळ राखली होती.

असे का घडले याचे उत्तर ‘व्यावसायिक’ या शब्दात आहे. गोल्फमध्ये सद्गृहस्थ तो हौशी. पैशासाठी खेळणारा तो नोकर. १९२० साली इंग्लंडमधील डील येथे अमेरिकन विजेता वॉल्टर हेगन याला क्लबच्या इमारतीत कपडे बदलण्यास मज्जाव झाला होता, तो याच न्यायाने. स्पेनमधील सभासदांच्या मुलांना नोकराचा धंदा करायचा नव्हता. म्हणून ती जागा कॅडींना मोकळी राहिली. वरच्या वर्गाच्या तुच्छतेने उघडे ठेवलेले हे दार होते. औदार्याचा त्यात लवलेशही नव्हता. शिवाय ते मुलांपुरतेच उघडे होते. कॅडीच्या बहिणीने काय करायचे, हा प्रश्न त्या व्यवस्थेला कधी पडला नाही.

या दारातून आलेल्यांनी काय केले ते नोंदले पाहिजे. १९७६, १९७७, १९८२ आणि १९८४ साली स्पेनने जागतिक सांघिक करंडक जिंकला, आणि चारही वेळा संघ बायेस्तेरोस, पिन्येरो, गार्रिदो, कान्यिसारेस, रिव्हेरो या व्यावसायिकांचे होते. अमेरिकेविरुद्धच्या रायडर करंडकात १९७९ पासून ब्रिटनबरोबर युरोपच्या मुख्य भूमीला स्थान मिळाले; १९८५ साली अमेरिकेचा पराभव झाला तेव्हा बारा जणांच्या युरोपीय संघात चार स्पॅनिश होते. त्या आधी १९८१ साली बायेस्तेरोसला या संघातून वगळण्यात आले होते. कारण खेळातले नव्हते. अमेरिकन खेळाडूंना युरोपात येण्याबद्दल जसे मानधन मिळते तसे मलाही मिळावे, अशी त्याची मागणी होती आणि संघटनेने ती नाकारली होती. त्याला वृत्तपत्रांनी लोभी म्हटले. गिरणीतला बदली कामगार कायम कामगाराइतकाच पगार मागतो तेव्हा त्यालाही असेच म्हटले जाते.

हिमेनेझच्या बाबतीत असे नाट्य नाही. बायेस्तेरोस १९व्या वर्षी ब्रिटिश ओपनमध्ये दुसरा आला आणि २२व्या वर्षी ती स्पर्धा जिंकला. हिमेनेझने १९८२ साली व्यवसाय पत्करला, युरोपीय मालिकेत प्रवेश मिळायला १९८८ ची पात्रता फेरी उजाडली, आणि पहिला विजय, बेल्जियन ओपन, १९९२ साली मिळाला. दहा वर्षे म्हणजे खेळाडूच्या आयुष्याचा बहुतेक उत्तम काळ. या दशकात स्वस्त हॉटेले, लांबचे प्रवास, आणि शुक्रवारी संध्याकाळी गुणसंख्या अपुरी पडली की बिनपैशाने घरी परतणे. गोल्फच्या व्यवसायात पहिल्या दोन दिवसांनंतर निम्म्याहून अधिक खेळाडू गळतात आणि गळलेल्याला त्या आठवड्याची मजुरी मिळत नाही. हा तुकड्यावर मोल देणारा धंदा आहे. टीव्हीवरच्या लखलखाटात ते कोणाच्या लक्षात येत नाही इतकेच.

१९९९ च्या नोव्हेंबरात आंदालुसियातच, वाल्देरामाच्या मैदानावर, एका जागतिक स्पर्धेत तो टायगर वुड्सच्या बरोबरीला आला आणि निर्णायक जादा होलवर हरला. पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियातील पेबल बीचवर अमेरिकन ओपनमध्ये तो एर्नी एल्सच्या जोडीने दुसरा आला. वुड्स त्यांच्या १५ फटके पुढे होता. चार महान स्पर्धांपैकी एकीतही तो कधी पहिला आला नाही, आणि बहुतेक आढाव्यांत त्याचे नाव याच कारणाने तळटिपेत जाते.

तरीही तळटीप वाचण्याजोगी आहे. युरोपीय मालिकेत हिमेनेझने २१ स्पर्धा जिंकल्या. त्यांतील १४ चाळिशी उलटल्यावर. २००४ या एका हंगामात चार. २००८ साली वेंटवर्थ येथे युरोपीय मालिकेची प्रमुख स्पर्धा. २०१० मध्ये दुबई, पॅरिस आणि स्वित्झर्लंड, आणि त्याच वर्षी चौथ्यांदा रायडर करंडकाच्या संघात. २०१२ च्या डिसेंबरात बर्फावर घसरून त्याचा पाय मोडला. एप्रिलमध्ये तो परत उभा राहिला आणि जुलैत, ४९व्या वर्षी, मुइरफिल्ड येथे ब्रिटिश ओपनच्या दोन दिवसांअखेर आघाडीवर होता. (ज्या क्लबच्या मैदानावर हे घडले त्याने त्या वेळी एकाही स्त्रीला सभासद करून घेतलेले नव्हते, स्कॉटलंडच्या प्रथममंत्र्यांनी त्या कारणास्तव स्पर्धेला जाण्याचे नाकारले, आणि क्लबला शहाणपण सुचायला २०१७ साल लागले.) १८ मे २०१४ रोजी, वयाच्या ५० वर्षे १३३ दिवसांनी, कातालोनियात तो स्पॅनिश ओपन जिंकला. इतक्या वयात युरोपीय मालिकेतील स्पर्धा तोपर्यंत कोणीही जिंकली नव्हती. १९७९ मध्ये तोर्रेकेब्रादाला पोराने जी पाहिली होती, तीच ही स्पर्धा. मधे ३५ वर्षे गेली होती.

ही चिकाटी कारागिराची आहे. सुताराचा किंवा लोहाराचा हात साठीला तरुणापेक्षा कमी जोर लावतो आणि जास्त काम करतो, कारण कोठे जोर लावायचा नाही हे त्याला कळलेले असते. हिमेनेझ कधीच लांब फटका मारणारा नव्हता. वारा, उतार, गवताची ओल, समोरच्या भिंतीचा दगड यांचे ज्ञान त्याला होते आणि ते त्याने पंधराव्या वर्षी इतरांच्या चेंडूंमागे धावताना मिळवायला सुरुवात केली होती.

यावरून उद्यमशील माणसाला वर येण्यापासून कोणी अडवीत नाही, असा निष्कर्ष काढणारे निघतील. त्यांना एवढेच विचारावे, की त्या वर्षी तोर्रेकेब्रादाला चेंडू वेचणारी बाकीची पोरे कोठे आहेत? त्यांच्या कारकिर्दी कोणी लिहिल्या नाहीत. कॅडीची व्यवस्था ही शिडी नव्हती, ती बालमजुरी होती. तिच्यातून काही डझन माणसे आपल्या हिमतीवर निसटली. हिमेनेझ स्वतः काही समाजवादी नाही, तो श्रीमंत आहे आणि आपल्या श्रीमंतीचा मनमुराद आनंद घेतो. टोरेमोलिनोसला त्याच्या नावाची गोल्फशाळा आहे. त्याला आपल्या पंक्तीला ओढण्याचे कारण नाही. त्याच्या कारकिर्दीतून व्यवस्थेविषयी जे कळते ते महत्त्वाचे.

कळते ते असे की ते दार आता बंद झाले आहे. काठ्यांची पिशवी आता बॅटरीवर चालणारी गाडी वाहते, चेंडू यंत्र गोळा करते. नोकर मालक झाला म्हणून नोकराचे दार बंद झाले असते तर आनंदच होता; ते बंद झाले कारण नोकराची गरज उरली नाही. हिमेनेझनंतरचा मोठा स्पॅनिश खेळाडू सेर्खियो गार्सिया हा क्लबच्या प्रशिक्षकाचा मुलगा. त्याच्यानंतरचा होन राम राष्ट्रीय महासंघाच्या तालमीतून अमेरिकेतील ॲरिझोनाच्या विद्यापीठात गेला. दोघेही थोर खेळाडू, दोघांनीही मास्टर्स जिंकली, आणि दोघेही सौदी अरेबियाच्या सरकारी निधीने २०२२ मध्ये सुरू केलेल्या मालिकेत गेले. एकेकाळी मानधन मागितले म्हणून बायेस्तेरोसला बाहेर ठेवणाऱ्या धंद्यात आज तेलाचा पैसा मागण्यापूर्वीच दारात येतो. परंतु सुमारे पावणेपाच कोटींच्या देशात गोल्फचे नोंदणीकृत खेळाडू तीन लाखांच्या आसपास आहेत. शंभरातला एकही नाही.

या बाबतीत स्पेनच्या समाजवाद्यांनाही काही हिशेब द्यायचा आहे. हिमेनेझ व्यावसायिक झाला त्याच १९८२ साली सेव्हिलचे फेलिपे गोन्सालेस माद्रिदमध्ये सत्तेवर आले, आणि आंदालुसियाचे प्रादेशिक सरकार त्याच वर्षापासून २०१९ च्या आरंभापर्यंत त्यांच्या पक्षाच्या हाती राहिले. या ३६ वर्षांत शेतमजुराला दवाखाना मिळाला, त्याच्या मुलाला शाळा मिळाली, हे निर्विवाद. चेंडू वेचण्यासाठी शाळा सोडावी लागू नये हीच तर खरी सुधारणा. पण त्याच काळात त्या किनाऱ्यावरील गोल्फ मैदानांची संख्या सत्तरच्या वर गेली आणि त्यांच्या कडेने बंगले उभे राहिले. मार्बेयाच्या नगरपालिकेत जमिनीच्या व्यवहारांचा भ्रष्टाचार इतका माजला की २००६ साली ती बरखास्त करावी लागली. मैदानांना सांडपाणी शुद्ध करूनच पाणी द्यावे, असा नियम प्रादेशिक सरकारने केला तो २००८ मध्ये, म्हणजे बहुतेक बांधकाम उरकल्यावर. या मैदानांतले सार्वजनिक मालकीचे किती, ज्यावर चुर्रियानातली आजची पोरगी संध्याकाळी फुकट किंवा दोन युरोत खेळू शकेल असे किती, हा प्रश्न त्या पक्षाने धसाला लावल्याचे दिसत नाही. खेळाला पर्यटन खात्याच्या ताब्यात दिले की असे होते.

वेगळे होऊ शकते याचा पुरावा याच खेळाच्या जन्मभूमीत आहे. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजचे जुने मैदान कोणा क्लबचे नाही, गावाचे आहे. एकदा ते खासगी हातात गेले होते. १८९४ साली संसदेच्या कायद्याने नगरपालिकेने ते परत विकत घेतले, आणि १९७४ च्या कायद्याने त्याचा कारभार एका सार्वजनिक विश्वस्त मंडळाकडे सोपवला. बाहेरच्या पाहुण्याकडून भरमसाट शुल्क घेतात, गावकऱ्याला वर्षाचा परवाना स्वस्तात मिळतो. मैदानाच्या कडेने गावचा रस्ता जातो, रस्त्याला दगडी भिंत आहे. २०१० च्या ब्रिटिश ओपनमध्ये हिमेनेझचा चेंडू त्या भिंतीला चिकटून थांबला, तेव्हा त्याने हिरवळीकडे पाठ करून चेंडू भिंतीवरच हाणला. तो उसळून त्याच्या डोक्यावरून मागे हिरवळीवर गेला. असा फटका कोणत्याही शाळेत शिकवीत नाहीत.

आठ वर्षांनी, २९ जुलै २०१८ रोजी, याच मैदानावर त्याने ज्येष्ठांची ब्रिटिश ओपन एका फटक्याने जिंकली. दुसरा आला जर्मनीचा बर्नहार्ड लँगर: बव्हेरियातल्या गवंड्याचा मुलगा, आठव्या वर्षापासून आउग्सबुर्गच्या क्लबात पिशव्या वाहिलेला. एक ५४ वर्षांचा, दुसरा ६० वर्षांचा, असे दोन जुने कॅडी गावकीच्या त्या जमिनीवर अखेरच्या होलपर्यंत झुंजले. तो रविवार होता. एरवी रविवारी ते मैदान खेळासाठी बंद असते आणि गावातली माणसे पोरांना व कुत्र्यांना घेऊन त्याच हिरवळीवरून फिरतात.